‘ही हॅव’ निसटलं तर?

“मॅडम, इंग्रजी कळतं, वाचताही येतं. पण बोलायला गेलं की हॅव आणि हॅजचा घोळ होतो, आणि मग तोंडच उघडत नाही.”

कुडाळला समुपदेशनासाठी येऊन माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून हे वाक्य किती जणांनी म्हटलं असेल! नर्सिंगच्या मुली, जहाजावर नोकरी धरू पाहणारे मुलगे, मालवण धक्क्यावरून पर्यटकांना सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेणारे. कुणी मुलाखतीत अडलेलं असतं, कुणी सासरी. त्यांच्यापैकी एकीची हकीगत तिच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

ती तिशीतली. तारकर्लीच्या बाजूला नवरा-बायको मिळून घरच्याच चार खोल्या पर्यटकांना देतात. हाताला चव अशी, की घावणे खाऊन गेलेले पाहुणे पुढच्या वर्षी फोन करून येतात. अडचण त्या फोनचीच. बंगळुरू-हैदराबादची माणसं इंग्रजीत बोलू लागली की ही फोन नवऱ्याकडे देते. तो होडीवर असला तर फोन वाजू देते. अशाने दिवाळीतली दोन बुकिंग गेली, तेव्हा नवराच तिला घेऊन आला.

मूळ प्रसंग अगदी छोटा होता. पाहुण्यांसमोर ती म्हणाली, “माय हजबंड हॅव टू बोट्स.” इंग्रजी माध्यमात शिकणारा पुतण्या मोठ्याने हसला. “काकी, हॅव नाय, हॅज!” पाहुणेही हसले, बहुधा त्या पोराकडे बघून. त्या दिवसापासून ती पाहुण्यांसमोर येईनाशी झाली. ताटं वाढायची ती स्वयंपाकघराच्या दारातून.

“माका सगळा येता हो मॅडम, पण बोलूक गेलय की नको ताच भायर पडता,” ती म्हणाली. मी तिला सर्वनामं घेऊन म्हणायला सांगितलं. आय हॅव, यू हॅव, वुई हॅव, दे हॅव. ही हॅज, शी हॅज, इट हॅज. एकही चूक नाही. अशा माणसाला आणखी एक क्लास लावून काही होत नाही. गाडी अडलेली असते ती दुसरीकडे, पण घरचे पुस्तकंच आणून देत राहतात.

मी विचारलं, “पुतण्या हसला तेव्हा मनात काय आलं?”

“मी अडाणी दिसलंय.”

“अडाणी असं कोण म्हणालं?”

बराच वेळ गेला. “कोण नाय.”

“मग तो शब्द आला कुठून?”

ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. “माझ्याच मनातसून.”

अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसतज्ज्ञाने 1955 च्या सुमारास जी विचारपद्धती मांडली, तिच्यावर माझी श्रद्धा आहे, आणि ती इतक्या वर्षांच्या कामातून आलेली आहे. प्रसंग माणसाला जेवढा छळत नाही, तेवढा त्या प्रसंगाला आपण चिकटवलेला निवाडा छळतो. ‘माझं वाक्य चुकलं’ इथपर्यंत ठीक. ‘म्हणून मी अडाणी’ ही पुढची उडी तिची स्वतःची. आणि त्या उडीच्या आधी एक हट्ट असतो: चारचौघांत माझं इंग्रजी अचूकच आलं पाहिजे. हा ‘च’ जितका घट्ट, तितकी जीभ जड.

हे तिला पटलं, पण वरवर. डोकं हलवणं आणि आतून पटणं यांतला फरक ओळखायला मी शिकले आहे. म्हणून तिला एक काम दिलं. दिवसभरात मनात किंवा तोंडात जे इंग्रजी वाक्य येईल, ते जसंच्या तसं वहीत लिहायचं. सुधारायचं नाही, खोडायचं नाही.

पुढच्या वेळी ती वही घेऊन आली. मुलाची जुनी चौकटीची वही, मागच्या पानांवर गणितं. मी शांतपणे वाचत गेले. ‘शी हॅज वन सन.’ बरोबर. ‘शी हॅव टू डॉटर्स.’ चूक. ‘माय ब्रदर हॅज अ रिक्षा.’ बरोबर. ‘माय हजबंड हॅव टू बोट्स.’ चूक. ‘द रूम हॅज अ फॅन.’ बरोबर. ‘द रूम हॅव टू विंडोज.’ चूक.

मी वही तिच्याकडे फिरवली. “बरोबर वाक्यांवर टिक कर. आता दोन्हीत फरक काय दिसतो, तूच बघ.”

तिने बोट ठेवत ठेवत वाचलं. एकदा, मग पुन्हा. आणि एकदम मान वर केली. “मॅडम, एक असला की बरोबर येता! दोन असली की चुकता!”

तेच होतं. आपण मराठीत म्हणतो, ‘तिला एक मुलगी आहे’ आणि ‘तिला दोन मुली आहेत’. क्रियापद बदलतं ते मुलींकडे बघून. ‘तिला’ जागच्या जागी राहतं. इंग्रजीत वस्तू एक असो की शंभर, हॅव की हॅज हे ठरतं मालकाकडे बघून. ही बाई इतकी वर्षं मराठीच्या सवयीने वस्तू मोजत होती. दोन होड्या, म्हणजे अनेकवचन, म्हणजे हॅव. तिच्या चुकीला पक्का हिशोब होता.

“म्हणजे मी काय पण बोलत नव्हते,” ती म्हणाली. मालवणी सोडून अगदी शाळेतल्या मराठीत म्हणाली. मी समजले की हे वाक्य ती स्वतःलाच नीट ऐकवते आहे. अडाणी माणसाची चूक अशी रांगेत येत नाही. विचार करणाऱ्या डोक्याचीच येते. निवाडा तिथे सैल झाला, आणि तो माझ्या बोलण्याने झाला नाही, तिच्याच अक्षरातल्या पानाने झाला, याचं मला फार समाधान आहे. तेव्हापासून या तक्रारीसाठी येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी वही लिहायला सांगते.

तर आता ज्यांना हेच छळतं, त्यांच्यासाठी. बोलताना नजर मालकावर ठेवा. मी, तू, आम्ही, ते (अनेक जण) असतील तर हॅव. तो, ती, ते एक असेल, किंवा एकाच माणसाचं नाव असेल, तर हॅज. नवऱ्याच्या दहा होड्या असल्या तरी ‘माय हजबंड हॅज’च. ‘एव्हरीवन’ म्हणताना डोळ्यांपुढे गर्दी येते, पण इंग्रजीत तो एकवचनी, म्हणून ‘एव्हरीवन हॅज’. भूतकाळ सगळ्यांत दयाळू: मालक कोणीही असो, हॅड. कॅन, विल, मस्ट यांच्यानंतर नेहमी हॅव. प्रश्न विचारताना ‘डझ शी हॅव’. डझमध्ये बदल एकदा होऊन गेला, पुन्हा हॅज लागत नाही. आणि ‘वुई आर हॅविंग फोर रूम्स’ म्हणण्यापेक्षा ‘वुई हॅव फोर रूम्स’ म्हणावं. हॅविंग नाश्त्यापाण्याला शोभतं: ‘गेस्ट्स आर हॅविंग ब्रेकफास्ट’.

आणखी एक गोंधळ ऐकू येतो. आपल्या कानाला ‘ही’ म्हणजे बाई. इंग्रजी ‘ही’ पुरुष निघतो. घाईत बोलताना बायकोला ‘ही’ म्हणणारे चांगले शिकलेले लोक मी पाहिले आहेत. त्यातही बुद्धीचा प्रश्न नाही. कान जन्मापासून मराठी आहे.

शुद्धतेचा धाक ज्यांना जास्त, त्यांना मी आणखी सांगते. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये हॅजच्या जागी ‘हॅथ’ आहे. आणि इंग्लंडच्या पूर्वेला समुद्राकाठी नॉरफक म्हणून परगणा आहे, तिथल्या जुन्या बोलीत आजही ‘शी हॅव’ ऐकू येतं. तिथली माणसं जन्माने इंग्रज आहेत. हे ऐकल्यावर ती म्हणाली, “म्हणजे ती त्यांची मालवणी.” मला याहून नीट सांगता आलं नसतं. शाळेत मालवणी बोलल्याबद्दल तिला बोलणी खावी लागली होती, हे तेव्हा पहिल्यांदा निघालं. जिभेवरची भीती इंग्रजीच्याही आधीची होती.

शेवटचं काम अवघड होतं. पाहुण्यांसमोर एकदा मुद्दाम चुकायचं. एलिस एकोणीस वर्षांचा असताना मुलींशी बोलायला घाबरायचा. ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात जाऊन महिनाभरात शंभर अनोळखी स्त्रियांशी तो मुद्दाम बोलला. नकार भरपूर मिळाले, आकाश कोसळलं नाही, भीती मात्र गेली. तिनेही धीर केला. नाश्ता वाढताना दारात न थांबता बाहेर आली आणि मुद्दाम म्हणाली, “माय हजबंड हॅव टू बोट्स.” पाहुण्याने विचारलं, “किल्ल्यावर किती वाजता सोडतील?”

आता फोन ती स्वतः घेते. हॅव अजून निसटतो. निसटला की पुढचं वाक्य बोलते.

घरच्यांना एक विनंती. चारचौघांत दुरुस्ती करू नका, मुलांनाही करू देऊ नका. पाहुणे गेल्यावर, विचारलं तरच सांगा. परीक्षा किंवा मुलाखत जवळ असेल तर लेखी सराव वेगळा करा आणि तिथे चुका जरूर सुधारा. बोलण्याच्या सरावात मात्र मध्ये थांबवू नका.

आणि ज्यांची जीभ मराठीतही अडते, चार माणसांत जायच्या विचारानेच छाती धडधडते, घराबाहेर पडणं कमी होत चाललंय, त्यांनी हे हॅव-हॅजचं प्रकरण समजू नये. जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. जवळपास कोणी नसेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक आहे. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.