वणव्यानंतरचा डोंगर

प्रश्न : शाहूवाडी तालुक्यातला आमचा मालकीचा डोंगर फेब्रुवारीत वणव्यात जळाला. घरचे म्हणतात, राख म्हणजे खतच, यंदा गवत जोमात येईल. गवत येतं हे खरं, पण झाडं का वाढत नाहीत?
– एक वाचक, शाहूवाडी

उत्तर : दादा, घरच्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. राखेत पोटॅश आणि कॅल्शियम असतं, त्यावर पहिलं गवत तरारून येतं. पण पाचोळ्यातला बराचसा नत्र आगीत हवेत जातो, आणि राखही तुमच्याकडच्या पावसात ओढ्याला लागते. दाजीपूरकडे जळक्या उतारावरून उतरणारं काळं-लाल पाणी मी पाहिलंय, जीव तुटतो. जांभ्यावर मातीच मुळात थोडी.

वळवाआधी एवढं करून बघा. हाताने राख बाजूला सारा आणि खालच्या मातीवर चमचाभर पाणी टाका. ते न मुरता मण्यासारखं उभं राहिलं, तर पाचोळा जळताना सुटलेला मेणचट अंश मातीच्या कणांवर बसलाय. तिथं पहिला जोराचा पाऊस मुरणार नाही, माती घेऊन जाईल.

झाडांचं म्हणाल, तर मला एका वणव्याची भीती नाही, दरसालच्या वणव्याची आहे. गवताची आग मातीत खोलवर पोचत नाही, म्हणून धायटी, ऐन, जांभूळ बुडातून पुन्हा फुटतात. पण बियांतून उगवलेलं हिरड्याचं रोप गुडघ्याला लागायच्या आत परत जळालं, की संपलं. गवताला एक पावसाळा पुरतो, रोपाला ओळीने कित्येक उन्हाळे सुखरूप मिळावे लागतात. ते मिळाले नाहीत की मोकळ्या जागेत रानमोडी हे झुडपी तण घुसतं, आणि त्याची वाळकी खोडं पुढच्या आगीला सरपण होतात.

त्यात उन्हाळे तापत चाललेत. गवत लवकर वाळतं, आणि उबदार मातीतले जीवाणू सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा मातीतला अंश, भराभर संपवतात. अमेरिकेतल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १९९१ पासून जंगलाची माती विजेच्या तारा पुरून ५ अंशांनी जास्त गरम ठेवली आहे. तिथंही मातीतला कर्ब घटलेला दिसला.

यंदा तिथं नांगर घालू नका, निदान दोन पावसाळे गुरं सोडू नका. काळी पडलेली झाडं मेली समजून तोडू नका, पावसाळा जाऊ द्या. अर्धवट जळालेल्या फांद्या उताराला आडव्या टाका, माती अडेल. दिवाळीनंतर गवतकापणी होतेच, तेव्हा शेजाऱ्यांना बरोबर घेऊन हद्दीवरचा पट्टा आधी कापा आणि तिथली जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, उन्हाळाभर साफ ठेवा. कापलेलं गवत वैरणीला होईल.