बर्लिनच्या दरबारातली सुईण: वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात या सदरात युस्टिने सिगेमुंड या जर्मन सुईणीविषयी लिहिलं होतं. १६३६ ते १७०५ हा तिचा काळ. सायलीशिया या प्रांतातल्या खेड्यांत अडलेल्या बाळंतिणी सोडवता सोडवता ती बर्लिनमध्ये ब्रांडेनबुर्ग या जर्मन राज्याच्या दरबाराची सुईण झाली. १६९० मध्ये तिने प्रसूतीवर सचित्र पुस्तक छापलं. जर्मन भाषेत एका स्त्रीने लिहिलेलं ते पहिलं वैद्यकीय पाठ्यपुस्तक मानलं जातं. त्या लेखानंतर परिचारिकांची, आशाताईंची, विद्यार्थ्यांची बरीच पत्रं आली. त्यातल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

तुम्ही तिला प्रसूतितज्ज्ञ म्हटलंत. तिच्याकडे पदवी नव्हती, कुणा डॉक्टरच्या हाताखाली ती शिकली नव्हती. मग तज्ज्ञ कशी?
(वैद्यकीय विद्यार्थी, मिरज)

पदवी नव्हती हे खरं. विद्यापीठात बाईला प्रवेशच नव्हता. पण त्या वेळच्या पदवीधरांना बाळंतपणातलं काय ठाऊक होतं, हेही पाहायला हवं. ते लॅटिन ग्रंथ वाचून वैद्य होत आणि साध्या बाळंतपणाच्या खोलीत सहसा जात नसत. मूल पोटातच गेलं, बाईही जाणार असं दिसू लागलं, की शल्यकाराला बोलावणं जाई आणि तो मेलेलं मूल ओढून काढायचे लोखंडी आकडे घेऊन येई. १५१३ साली ऑयकारिउस रोएसलिन नावाच्या डॉक्टरने सुइणींसाठी जर्मनमध्ये पुस्तक छापलं आणि ते युरोपभर खपलं. त्यातला मजकूर मात्र मुख्यतः प्राचीन ग्रंथांतून उचललेला होता. चित्रांतली मुलं गर्भाशयात ऐसपैस हातपाय पसरून उभी आहेत. ती पाहून अडलेलं मूल सोडवता येणार नाही.

युस्टिनेच्या पुस्तकात चित्रातल्या मुलाबरोबर सुईणीचा हातही आहे. तो कुठून आत गेला, बोटं कुठे टेकली, कशाला धरलं, हे सगळं त्यात दिसतं. आजही विद्यार्थ्यांना आतून तपासायला शिकवणं हे अवघड काम आहे, कारण शिकवणाऱ्याच्या बोटांना जे कळतं ते शिकणाऱ्याला दिसत नाही. ते शब्दांत आणि रेषांत उतरवणाऱ्या बाईला तज्ज्ञ म्हणताना मला जराही संकोच वाटत नाही.

माझ्या सासूबाई म्हणायच्या, जिने कळा सोसल्या नाहीत तिने दुसरीचं बाळंतपण करू नये. या बाईंना स्वतःला मूल नव्हतं म्हणता, मग त्या या वाटेला कशा आल्या?
(एक आजी, कोल्हापूर)

आजी, तुमच्या सासूबाईंचं मत तिथेही लोक बोलून दाखवत. युस्टिनेला या आक्षेपाला तोंड द्यावं लागलं होतं.

ती रोनश्टॉक गावच्या लुथेरन पाद्रीची मुलगी. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. तीस वर्षांच्या युद्धात सायलीशिया होरपळून निघत असताना तिचा जन्म झाला. एकोणिसाव्या वर्षी एका कारकुनाशी लग्न झालं. वर्ष-दोन वर्षांत तिला त्रास सुरू झाला आणि सुइणींनी सांगितलं, तू गरोदर आहेस. एकीनेच नाही, अनेक जणींनी तेच सांगितलं. तिला बाळंतपणासाठी बसवलं, कळा द्यायला लावल्या. मूल येईना, कारण पोटात मूल नव्हतंच. तिचं अंग खाली आलं होतं, म्हणजे गर्भाशय जागेवरून सरकलं होतं. आपल्याकडे कित्येक बायका ‘अंग बाहेर येतं’ हे दुखणं वर्षानुवर्षं कुणाला न सांगता सोसतात, तेच हे.

त्या छळातून उठल्यावर तिने मिळतील ती प्रसूतीची पुस्तकं वाचायला सुरुवात केली. आपल्यावर जे ओढवलं ते का ओढवलं, एवढंच तिला आधी समजून घ्यायचं होतं, सुईण व्हायचा विचार नव्हता. १६५९ मध्ये एका शेतकऱ्याची बायको अडली, मुलाचा हात बाहेर आला होता. हिने पुस्तकं वाचली आहेत हे ठाऊक असल्यामुळे तिला बोलावलं. तिने ते बाळंतपण पार पाडलं आणि मग बोलावणी थांबेनात. बारा वर्षं ती गोरगरीब शेतकरी बायकांची बाळंतपणं एक पैसा न घेता करत होती. तिचा हात तयार झाला तो याच बारा वर्षांत, असं मला वाटतं. दरबार, राजघराणी हे सगळं नंतरचं.

कळा सोसलेल्या बाईला दुसरीची वेदना लवकर कळते, हे मी नाकारत नाही. पण त्या सुइणींतल्या कुणाला मुलंबाळं असतीलही, तरी रिकामं गर्भाशय त्यांना ओळखता आलं नाही.

आडव्या मुलासाठी तिने काही युक्ती शोधली होती असं लिहिलंत, पण ती समजावून सांगितली नाहीत. कृपया सविस्तर सांगा.
(परिचारिका, नाशिक)

याच प्रश्नाची मी वाट पाहत होतो.

मूल डोक्याकडून आलं तर उत्तम, पायाळू असलं तरी बहुतेकदा निभावतं. पण मूल आडवं असेल, तर बाहेर येणार तरी कसं? पाणमोट फुटते, पाणी वाहून जातं, गर्भाशय मुलाभोवती आवळत जातं आणि बऱ्याचदा एक हात खाली निसटतो. नवशिकी सुईण तो हात धरून ओढते. त्याने खांदा ओटीपोटात आणखी घट्ट रुततो. कळा चालूच राहतात आणि शेवटी गर्भाशय फाटू शकतं. असं मूल फिरवून पायांकडून काढावं, हे प्राचीन वैद्यांना माहीत होतं. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये आम्ब्रोआज पारे या शल्यकाराने ती पद्धत पुन्हा रूढ केली.

तर पाय शोधायचा आणि ओढायचा, हे कळलं. पण पाणी निघून गेल्यावर नुसता पाय ओढून मूल फिरत नाही. चिंचोळ्या बोळात खाट आडवी अडकली की एक टोक ओढून भागत नाही, दुसरं टोक त्याच वेळी मागे सारावं लागतं. इथेही पाय खाली ओढताना खांदा किंवा डोकं वर ढकलायला हवं. त्याला दोन हात लागतात आणि आत जागा एकाच हातापुरती.

युस्टिनेने यावर उपाय काढला तो मऊ फितीचा. फितीचा फास करायचा, तो बोटांनी किंवा बारीक काठीच्या टोकाने आत नेऊन मुलाच्या घोट्यात अडकवायचा. फितीचं दुसरं टोक बाहेर राहतं. आता बाहेरच्या हाताने फीत खाली ओढायची आणि आतला मोकळा हात मुलाचा खांदा वर सारत राहील. दोन्ही हात एकाच वेळी काम करतात, पण आत एकच असतो. मूल वळतं, पाय खाली येतात. भूल नाही, मुलाचं डोकं धरून ओढायचा चिमटा (फोर्सेप्स) नाही. चिमटा तेव्हा इंग्लंडमधल्या चेंबरलेन घराण्याने गुपित म्हणून दडवून ठेवला होता. युस्टिनेने मात्र आपली युक्ती चित्रांसकट छापून टाकली. हा फरक मला फार मोठा वाटतो.

आज आडव्या मुलासाठी सिझेरियन करतात आणि तेच योग्य आहे. आत हात घालून मूल फिरवण्याची वेळ आता क्वचित येते, मुख्यतः जुळ्यांतलं दुसरं मूल आडवं राहिलं तर. तेव्हाही ते काम अनुभवी डॉक्टरचं आणि शस्त्रक्रियागृह तयार ठेवूनच करायचं.

सुनेची वार खाली आहे असं सोनोग्राफीत आलं आहे. सिगेमुंडबाई अशा वेळी पाणमोट फोडत असत, असं वाचलं. तो उपाय आजही करतात का?
(सातारा)

नाही. सुनेच्या बाबतीत हा विचारही मनात आणू नका.

तिने ते का केलं, ते सांगतो. वार गर्भाशयाच्या तोंडावर असली की तोंड उघडताना ती सुटू लागते आणि प्रचंड रक्तस्राव होतो. पाणमोट फोडली की पाणी निघून जातं, मुलाचं डोकं खाली उतरतं आणि सुटलेल्या वारेवर दाब पडून रक्त थांबू शकतं. त्याच काळात पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ मोरिसो हेही असंच करत होते. सिझेरियन म्हणजे बाईचा मृत्यू असं समीकरण असताना यामुळे काही बायका वाचल्या.

आज बाळंतपणाआधीच सोनोग्राफीत वार कुठे आहे ते कळतं. पाचव्या महिन्यात खाली दिसलेली वार गर्भाशय वाढेल तशी पुष्कळदा वर सरकते, म्हणून शेवटच्या तीन महिन्यांत सोनोग्राफी पुन्हा करून घ्या. तोवर रक्त दिसलं, दुखत नसलं तरीही, वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा, शक्यतो जिथे रक्तपेढी आणि शस्त्रक्रियेची सोय आहे असं. कुणालाही आतून बोटांनी तपासू देऊ नका. आशाताईंनीही हे लक्षात ठेवावं.

डॉक्टरांनी तिला छळलं का?
(पुणे)

छळलं म्हणण्यापेक्षा अडवून पाहिलं, असं म्हणेन. १६७० च्या सुमारास ती सायलीशियातल्या लिग्निट्स शहराची नेमलेली सुईण झाली. तिथल्या डचेस लुइसे यांच्या गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ होती, ती युस्टिनेने काढली. मार्टिन केर्गर हे तिथले वैद्य तेव्हा तिच्या बरोबर होते. १६८० मध्ये त्याच केर्गर यांनी तिच्यावर बाळंतपणात धोकादायक पद्धती वापरल्याचा आरोप केला. प्रकरण गाजलं, पण तिचं नाव बुडालं नाही. १६८३ मध्ये ब्रांडेनबुर्गचे इलेक्टर, म्हणजे तिथले राज्यकर्ते, फ्रीडरिश विल्हेल्म यांनी तिला बर्लिनला दरबारची सुईण म्हणून बोलावलं. पुस्तक निघाल्यावर लाइपझिगचे डॉक्टर पेटरमान यांनी टीका केली, तिनेही छापील उत्तर दिलं.

उलट बाजूही सांगायला हवी. पुस्तक छापण्याआधी तिने हस्तलिखित ओडरकाठच्या फ्रांकफुर्टच्या वैद्यकीय विद्याशाखेला दाखवलं आणि त्यांनी संमती दिली. म्हणजे सगळेच डॉक्टर तिच्या विरोधात नव्हते. पुस्तक लिहावं असा आग्रह तिला ऑरेंज या डच राजघराण्यातल्या मेरीने केला होता. ही मेरी पुढे इंग्लंडची राणी झाली.

तिने ६,२०० बाळंतपणं केली, हा आकडा अतिशयोक्त वाटतो.
(निवृत्त गणित शिक्षक, धुळे)

तिच्या मृत्यूनंतर बर्लिनच्या धर्मोपदेशकाने सुमारे ६,२०० असा आकडा सांगितला. १६५९ ते १७०५ ही ४६ वर्षं धरली तर वर्षाला सरासरी १३५, म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी एक. नेमलेल्या शहरी सुईणीला हे अशक्य नाही. मला तो पटतो.

तिच्यानंतर जर्मनीत अशी कुणी झाली का? आणि आपल्याकडे?
(ठाणे)

जर्मनीत लगेच तिच्या तोडीची कुणी दिसत नाही. उलट अठराव्या शतकात प्रसूतिशास्त्र विद्यापीठात शिरलं आणि पुरुषांच्या हाती गेलं. १७५१ मध्ये ग्योटिंगनला योहान गेओर्ग रोएडरर यांच्या हाताखाली सूतिकागृह सुरू झालं. विषयाला शास्त्राचा दर्जा मिळाला, पण तिथे ज्यांच्यावर विद्यार्थी शिकत त्या गरीब, बहुतांश अविवाहित माता होत्या. हेही त्या इतिहासात लिहिलेलं असलं पाहिजे.

बाईला पदवी मिळायला एकोणिसावं शतक उजाडलं. १८१५ मध्ये गीसन विद्यापीठाने योजेफा फोन सिबोल्ड यांना प्रसूतिशास्त्रातली मानद डॉक्टरेट दिली आणि १८१७ मध्ये त्यांची मुलगी शार्लोटे तिथूनच डॉक्टर झाली. १८१९ च्या मे महिन्यात या शार्लोटेने लंडनमध्ये व्हिक्टोरियाच्या आईचं बाळंतपण केलं, म्हणजे मुंबईच्या बोरीबंदर स्थानकाला जिचं नाव दिलं गेलं त्या राणीच्या जन्माला ती हजर होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीत तिच्याच हातून आल्बर्ट जन्मला, जो पुढे व्हिक्टोरियाचा नवरा झाला.

आपल्याकडचं नाव तुम्हाला माहीत आहे, पण त्यातली एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात पदवीसाठी जो प्रबंध दिला, त्याचा विषय हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र हा होता. कोवळ्या वयात झालेलं त्यांचं बाळ थोड्याच दिवसांत गेलं होतं.

मूळ पुस्तक कुठे पाहायला मिळेल? मला जर्मन येत नाही.
(परिचर्या महाविद्यालयातल्या शिक्षिका, रत्नागिरी)

जर्मन ग्रंथालयांनी जुन्या आवृत्त्या इंटरनेटवर मोफत ठेवल्या आहेत. शिकागो विद्यापीठाने २००५ मध्ये इंग्रजी भाषांतर काढलं, ते तुमच्या ग्रंथालयाला मागवता येईल. मूळ पुस्तक तिने स्वतःच्या खर्चाने छापलं होतं. डचमध्ये त्याचं भाषांतर झालं आणि अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते पुन्हा पुन्हा छापलं गेलं.

ते सबंध संवादरूप आहे. क्रिस्टिना नावाची शिष्या विचारते, युस्टिना उत्तर देते. शिष्या कुठेही बावळट दाखवलेली नाही. ती अडून बसते, ‘हे मला कळलं नाही’ म्हणते, मग गुरू तीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगते. वर्गात दोन मुलींना ते प्रवेश वाचायला द्या. त्याआधी आडव्या मुलाची पुस्तकातली चित्रं फळ्यावर दाखवा आणि आतला हात नेमकं काय करतोय, ते मुलींनाच सांगू द्या.