पत्त्यांतल्या इस्पिकला इंग्रजीत 'स्पेड' का म्हणतात? त्याचा फावड्याशी काय संबंध?

फावड्याशी काडीचाही संबंध नाही. मुळात स्पेड म्हणजे फावडंच नव्हे, शब्दकोशात काहीही लिहिलेलं असो. इंग्लंडला दादाच्या परसात मी पहिल्यांदा स्पेड हातात धरलं आणि सवयीने डोक्यावर उचलून मातीत हाणलं. मनगटं झिणझिणली. फावड्याचं पातं दांड्याला आडवं असतं, माती आपल्याकडे ओढायची. स्पेडचं पातं दांड्याच्या सरळ रेषेत. वरच्या कडेवर पाय देऊन ते उभं दाबायचं. "भाऊजी, आधी चपला काढून बूट घाला," वहिनी खिडकीतून म्हणाली.

शब्दाचं मूळ या सरळ, चपट्या पात्यातच आहे. ग्रीकमध्ये 'स्पाथे' म्हणजे रुंद पातं, मग ते वल्ह्याचं असो की तलवारीचं. खणायचं स्पेड, जुन्या इंग्रजीत 'स्पाडु', हे त्याच्याच भावकीतलं. लॅटिनने 'स्पाथा' हा शब्द लांब तलवारीसाठी घेतला, त्याचं इटालियनमध्ये 'स्पादा' झालं, अनेकवचन 'स्पादे'. इटली-स्पेनच्या जुन्या पत्त्यांत एक रंग तलवारींचा असतो. इंग्रजांनी पत्त्याचं नाव तिथून उचललं आणि चित्र फ्रेंचांकडून. फ्रेंच त्या रंगाला 'पीक' म्हणतात, म्हणजे भाला. नाव तलवारीचं, चित्र भाल्याचं, आणि आपण त्यात फावडं शोधतोय!

स्वयंपाकघरातला 'स्पॅटुला', म्हणजे आपलं उलथनं, हे त्याच लॅटिन 'स्पाथा'चं पिल्लू. कुत्रीला पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन करतात त्याला 'स्पे' म्हणतात, तोही शब्द जुन्या फ्रेंचमधल्या तलवारीवरूनच आलाय.

'कॉल अ स्पेड अ स्पेड', म्हणजे जे आहे ते आडपडदा न ठेवता बोलणं, या वाक्प्रचारात मात्र खणायचंच हत्यार आहे, पण तेही चुकून आलेलं. प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कच्या गोष्टीत सिकंदराचा बाप राजा फिलिप म्हणतो, आमचे मॅसेडोनियन लोक अडाणी, 'स्काफे'ला 'स्काफे'च म्हणतात. स्काफे म्हणजे काथवटीसारखं भांडं. डच पंडित इरॅस्मसने लॅटिनमध्ये त्याची कुदळ केली आणि १५४२ साली त्याचा अनुवादक निकोलस उडालने इंग्रजीत कुदळीचं स्पेड.

एक सावधगिरी. विसाव्या शतकात अमेरिकेत 'स्पेड' ही काळ्या लोकांसाठी शिवी झाली. ती आली पत्त्याच्या काळ्या रंगावरून. वाक्प्रचार तिच्याहून कितीतरी जुना, तरी अमेरिकन माणसाला मेल लिहिताना मी तो वापरत नाही.