अमेरिकेतली प्रायमरी आपल्याकडच्या तिकीटवाटपापेक्षा खरंच बरी आहे का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. आपल्याकडे उमेदवारी मुंबई-दिल्लीत ठरते आणि अमेरिकेत ती लोक प्रायमरी नावाच्या पक्षांतर्गत निवडणुकीत मत देऊन ठरवतात, तर तिथली पद्धत सरसकट चांगली म्हणायची का, ही पहिली. दुसरी अशी की तुमची बहीण टेक्सासमध्ये नुकतीच नागरिक झाली आहे, स्वतःला कुठल्याच पक्षाची मानत नाही, तर तिने या प्रायमरीच्या भानगडीत पडावं का.

मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. नोकरी सॉफ्टवेअरची. राजकारणाशी संबंध मत देण्यापुरता आणि शनिवारी रात्री मित्रमंडळींशी वाद घालण्यापुरता. तेव्हा हे एका साध्या मतदाराचं मत समजा.

पहिल्या प्रश्नावर माझं म्हणणं असं: पद्धत बरी आहे, पण तिकडून दिसते तेवढी नाही. हायकमांड इथेही आहे. ते बंगल्यावर बसून एबी फॉर्म वाटत नाही एवढंच. ते मतपत्रिकेच्या आखणीत, तारखांत आणि पैशात बसलेलं असतं.

मतपत्रिकेचं आधी सांगतो, कारण ते आमच्याच राज्यातलं आहे. निवडणुकीआधी घरी टपालाने नमुना मतपत्रिका येते. 2024 पर्यंत आमच्या प्रायमरीची मतपत्रिका म्हणजे एक मोठा तक्ता असायचा. काउंटीच्या, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याच्या, पक्षसंघटनेने ज्यांना पाठिंबा दिला ते सगळे एकाच रकान्यात एकाखाली एक: वर राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार, त्याखाली सिनेटचा (इथल्या संसदेचं वरचं सभागृह), मग काँग्रेसचा (म्हणजे खालच्या सभागृहाचा; आपल्या काँग्रेस पक्षाशी संबंध नाही), असं करत करत थेट टाउनशिपच्या कौन्सिलपर्यंत. याला इथे सगळे ‘लाइन’ म्हणत. ज्यांना पाठिंबा नाही ते दोन-तीन रिकामे रकाने सोडून पार कडेला, एकेकटे. त्या कोपऱ्याला लोकांनी ‘सायबेरिया’ नाव पाडलं होतं. मतदार सगळ्यात वरच्या ओळखीच्या नावावर खूण करायचा आणि तसाच सरळ खाली उतरायचा. खालच्या नावांपैकी निम्मी त्याने कधी ऐकलेलीही नसायची. राज्यातल्या 21 पैकी 19 काउंट्यांत हाच कारभार होता, आणि लाइन कोणाला द्यायची हे कित्येक ठिकाणी काउंटीचा पक्षाध्यक्ष जवळपास एकहाती ठरवायचा. मत मीच द्यायचो, पण बहुतेक वेळा काम आधीच झालेलं असायचं.

हे मोडलं कसं, ते तुम्हाला आवडेल. सप्टेंबर 2023 मध्ये आमचे तेव्हाचे डेमोक्रॅट सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्यावर लाचखोरीचं आरोपपत्र दाखल झालं. घरात रोकड आणि सोन्याच्या विटा सापडल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी त्यांच्याच पक्षाच्या अँडी किम या काँग्रेस सदस्याने कोणालाही न विचारता त्यांच्याविरुद्ध उभं राहण्याची घोषणा केली. मग नोव्हेंबरमध्ये तेव्हाच्या गव्हर्नरच्या पत्नी टॅमी मर्फी रिंगणात उतरल्या. (इथला गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्री समजा, राजभवनातला राज्यपाल नव्हे.) याआधी त्या कुठल्याही निवडून आलेल्या पदावर नव्हत्या, तरी मोठमोठ्या काउंट्यांचे अध्यक्ष भराभर त्यांच्यामागे उभे राहिले. घराणेशाही फक्त आपल्याकडेच असते असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

किम फेडरल कोर्टात गेले. मतपत्रिकेची ही आखणी घटनाबाह्य आहे, असा दावा. 24 मार्च 2024 ला टॅमी मर्फींनी माघार घेतली आणि 29 मार्चला न्यायाधीशांनी हुकूम दिला की डेमोक्रॅटिक प्रायमरीत लाइन चालणार नाही, पदानुसार सगळे उमेदवार एकत्र छापा. हुकूम त्याच पक्षापुरता असल्यामुळे त्या जूनमध्ये गंमतच झाली: एकाच केंद्रावर डेमोक्रॅटांना नव्या पद्धतीची मतपत्रिका आणि रिपब्लिकनांना जुनीच लाइनवाली. पुढच्या वर्षी कायदाच बदलला. जून 2025 मध्ये गव्हर्नरपदाची डेमोक्रॅटिक प्रायमरी झाली तेव्हा सहाही उमेदवारांची नावं एका चौकटीत होती, आणि माझ्या ओळखीच्या लोकांनी पहिल्यांदाच सहा जणांबद्दल वाचून मत दिलं. मिकी शेरिल साधारण 34 टक्के मतांवर जिंकल्या आणि नोव्हेंबरमध्ये गव्हर्नर म्हणून निवडूनही आल्या. काउंटीच्या पाठिंब्याचं वजन संपलं असं मी म्हणणार नाही. पत्रकं, कार्यकर्ते, पैसा हे सगळं अजून त्यांच्याकडेच आहे. पण छपाईतली खोट गेली.

आता तारखा. न्यू जर्सीची प्रायमरी जूनमध्ये असते. 2024 मध्ये ट्रम्प यांच्या रिपब्लिकन प्रतिस्पर्धी निकी हेली 6 मार्चला बाहेर पडल्या, 12 मार्चपर्यंत बायडन आणि ट्रम्प दोघांकडेही उमेदवारीला पुरतील एवढे प्रतिनिधी (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे लोक) जमले होते. आम्ही 4 जूनला रांगेत उभे राहून काय ठरवलं? राष्ट्राध्यक्षाच्या बाबतीत, शून्य. इकडे आयोवा आणि न्यू हॅम्पशायर ही दोन छोटी राज्यं जानेवारी-फेब्रुवारीतच अर्धे उमेदवार घरी पाठवतात. न्यू हॅम्पशायरने तर आपली प्रायमरी देशात पहिलीच असली पाहिजे असा कायदाच करून ठेवलाय. 2024 मध्ये डेमोक्रॅटांनी तो मान साउथ कॅरोलायनाला दिला, तरी यांनी हट्टाने आपली आधी घेतलीच. बायडन यांचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं. लोकांनी ते हाताने लिहिलं आणि ते तरीही जिंकले.

आणि मग त्याच वर्षी जुलैत जे झालं त्यावर आमच्या शनिवारच्या मंडळीत अजून भांडणं होतात. प्रायमरीत 1 कोटी 40 लाखांहून जास्त मतं मिळवलेल्या बायडन यांनी 21 जुलैला माघार घेतली आणि पक्षाच्या प्रतिनिधींनी कमला हॅरिस यांना उमेदवारी दिली. एकाही राज्यात त्या वर्षी प्रायमरीच्या मतपत्रिकेवर त्यांचं नाव नव्हतं. माणूस बदलायलाच हवा होता असं मलाही वाटत होतं. पण तो एवढ्या उशिरा बदलला की आम्हाला विचारायला वेळच उरला नाही, याचा राग आहे. 1968 मध्ये याच पक्षाचे ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता उमेदवार झाले होते. शिकागोच्या अधिवेशनाबाहेर त्या वर्षी रस्त्यावर डोकी फुटली, त्यानंतर पक्षाने नियम बदलले आणि 1972 पासून प्रायमरीला आजचं वजन आलं. म्हणजे तुम्हाला शतकानुशतकं चालत आलेली वाटते ती ही पद्धत माझ्याच वयाच्या आसपासची आहे.

पण खरी अडचण मला वेगळीच वाटते. बहुतेक मतदारसंघ एका पक्षाचे बालेकिल्ले आहेत. तिथे नोव्हेंबरची निवडणूक नावापुरती, जे काय व्हायचं ते प्रायमरीत. आणि राष्ट्राध्यक्षाची निवडणूक नसलेल्या वर्षी प्रायमरीला मत देतात साधारण पाचातला एक जण. तोही पक्षाचा कट्टर माणूस.

आपल्याच माणसाचं उदाहरण घ्या. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार. 2018 मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी स्वतःचे लाखो डॉलर ओतून प्रायमरी लढले आणि तिसरे आले. 2022 मध्ये डेट्रॉइटच्या काँग्रेस मतदारसंघात उतरले. डेमोक्रॅटिक प्रायमरीत नऊ उमेदवार होते, ठाणेदारांना मिळाली सुमारे 28 टक्के मतं, आणि तेवढ्यावर ते जिंकले. नोव्हेंबरमध्ये त्यांना 71 टक्के मिळाली, कारण तिथे डेमोक्रॅट हरतच नाही. इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला, मलाही आनंद झाला. पण प्रायमरीतल्या शंभरातल्या बहात्तर जणांना दुसरं कोणीतरी हवं होतं, आणि कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेल्या डेट्रॉइटला जवळपास सात दशकांत पहिल्यांदा कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. तिथल्या लोकांची कुरकुर मला समजू शकते. ठाणेदारांनी नियम मोडला नाही. नियमच तसा आहे.

रिपब्लिकन बाजूला हेच गणित आणखी जोरात चालतं. 2016 मध्ये साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना 32.5 टक्के मतं पडली आणि 50 पैकी 50 प्रतिनिधी मिळाले. डेमोक्रॅटांकडे निदान मतांच्या प्रमाणात वाटणी होते. रिपब्लिकनांत मग एकदा पक्षाचे कट्टर लोक ज्याच्यामागे गेले त्याच्याविरुद्ध बोलायची कोणाची टाप नसते. 2021 मध्ये ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाच्या बाजूने दहा रिपब्लिकन काँग्रेस सदस्यांनी मत दिलं. त्यातले चार पुन्हा उभेच राहिले नाहीत, चार प्रायमरीत पडले, लिझ चेनी त्यातल्याच. वाचले दोन, एक कॅलिफोर्नियाचे आणि एक वॉशिंग्टन राज्याचे. या दोन्ही राज्यांत सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात, कोणीही कोणालाही मत देऊ शकतो, आणि पहिले दोघं नोव्हेंबरला जातात. मला हा योगायोग वाटत नाही. उद्या मला कोणी विचारलं की देशाच्या राजकारणात एक गोष्ट बदलायची तर कुठली, तर मी हीच पद्धत सगळीकडे आणा म्हणेन. डेमोक्रॅट मित्र म्हणतात पैसा आधी काढा. तोही मुद्दा आहे. 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या एका काँग्रेस मतदारसंघात जमाल बोमन पडले त्या प्रायमरीत बाहेरच्या गटांनी कोट्यवधी डॉलर ओतले होते.

एवढं सगळं असूनही मी प्रायमरीच निवडेन. कारण सांगतो. इथे प्रायमरी सरकार घेतं, सरकारी खर्चाने, सरकारी मतपत्रिकेवर. म्हणून अँडी किमला कोर्टात जाता आलं. आपल्याकडे पक्षाने तिकीट कापलं तर तो पक्षाचा अंतर्गत मामला. निष्ठावंत म्हणून वीस वर्षं सतरंज्या उचललेल्या माणसापुढे अर्ज भरायच्या शेवटच्या रात्री दोनच रस्ते असतात: अपक्ष म्हणून बंडखोरी, नाहीतर समोरच्या पक्षाचा गमछा.

आपल्याकडे हा प्रयोग झालाच नाही असंही नाही. 2014 च्या लोकसभेला राहुल गांधींच्या पुढाकाराने काँग्रेसने देशातल्या काही मोजक्या मतदारसंघांत प्रायमरी घेतली. त्यात महाराष्ट्रातले वर्धा आणि लातूर होते. मतदार कोण? पक्षाचे पदाधिकारी. वर्ध्यात जिंकले सागर मेघे, म्हणजे तिथले तेव्हाचे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव. लोकसभेला दोन्ही जागा भाजपने घेतल्या आणि त्याच वर्षी मेघे कुटुंब भाजपमध्ये गेलं. पदाधिकाऱ्यांनाच मत द्यायला लावलं तर पदाधिकारी ज्यांनी नेमले त्यांचाच माणूस निवडून येणार, त्याला प्रायमरी म्हणा की आणखी काही. शिवाय आपल्याकडे 1985 पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. लोकांनी निवडलेला उमेदवार खासदार झाला तरी व्हिप निघाला की त्याला पक्ष सांगेल तिथेच हात वर करावा लागतो. किमसारखा माणूस इथे स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत देऊनही पदावर राहू शकतो. नुसती प्रायमरी आणून हा व्हिप तसाच ठेवला तर फार काही बदलणार नाही असं माझं मत आहे.

आता तुमच्या बहिणीचं. तिने जरूर मत द्यावं. टेक्सासमध्ये पक्षाची नोंदणी हा प्रकारच नाही. मार्चमध्ये प्रायमरी असते, केंद्रावर गेल्यावर सांगायचं की मला अमुक पक्षाची मतपत्रिका द्या, झालं. त्याने ती कायमची त्या पक्षाची होत नाही, नोव्हेंबरमध्ये हवं त्याला मत द्यायला मोकळी. एकच बंधन आहे: कोणालाच 50 टक्क्यांहून जास्त मतं मिळाली नाहीत तर मे महिन्यात पहिल्या दोघांत पुन्हा लढत होते, आणि मार्चमध्ये एका पक्षाची मतपत्रिका घेतली असेल तर त्या वेळी दुसऱ्याची मिळत नाही. तिच्या भागात जो पक्ष हमखास जिंकतो त्याचीच प्रायमरी तिने निवडावी, तो पक्ष आवडत असो वा नसो. मी तरी तेच करीन.

मतदार नोंदणी मात्र आपोआप होत नाही. नागरिकत्वाच्या शपथविधीच्या ठिकाणी अर्ज मिळाला असला, तरी तो भरून पाठवला का, नाव यादीत आलं का, हे तिने स्वतः बघावं. टेक्सासमध्ये निवडणुकीच्या 30 दिवस आधी नोंदणी झालेली लागते. आणि घरात कोणी अजून ग्रीन कार्डावर असेल तर त्याने चुकूनही तो अर्ज भरू नये, नागरिकत्वाचं पुढचं सगळं त्यावर अडकू शकतं.