आजोबांच्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या काळ्या पडल्यात, साताऱ्यात घरच्या घरी कशा साफ करू?

सायट्रिक ॲसिडने करा, म्हणजे किराणात मिळतं ते लिंबूसत्व, एक लिटर कोमट पाण्यात एक चमचा आणि वर भांडी घासायच्या लिक्विडचे दोनचार थेंब, १० मिनिटं बुडवून ठेवा, मग दोनतीनदा साध्या पाण्याने धुवून आतपर्यंत कोरडं होऊ द्या. जास्त वेळ ठेवलं तर जस्त निघून पितळ गुलाबी पडतं, चिंचेनं पण तेच होतं. पण त्याच्या आधी बूड बघा!! मधल्या गोल टिकलीवर बंदुकीच्या पिनेचा ठोका (खळगा) नसेल तर पुंगळी जिवंत, म्हणजे न उडालेली असू शकते, पाण्यात टाकू नका, ठोकू नका, तापवू तर अजिबात नका, सरळ पोलीस ठाण्यात फोन.

आणि अमोनिया नको, काच पुसायच्या काही लिक्विडमध्ये असतो, कल्हईवाल्याचा नवसागर पण नको. पुंगळीचं पितळ साधारण ७०% तांबं ३०% जस्त, घडवताना त्यात ताण राहिलेला असतो, अमोनिया लागला की चिरा जातात. ब्रिटिश फौजेची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या पागेजवळ ठेवली की अशीच तडकायची, कारण घोड्यांच्या मुताचा अमोनिया, नीट उलगडा झाला १९२१ ला.

हे सगळं शोकेसमध्ये ठेवण्यापुरतं हां, परत भरून वापरायचं डोक्यात असेल तर विसरा, लायसन्सशिवाय काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्यात गुन्हा आहे.