केमोच्या खुर्चीशेजारून: मनाबद्दल तुम्ही विचारलेले प्रश्न

मुंबईत कॅन्सरच्या वॉर्डात आणि डे-केअरमध्ये (केमो देऊन त्याच दिवशी घरी सोडतात तिथे) नर्स म्हणून माझी बरीच वर्षं गेली, त्यातली शेवटची काही फक्त पेशंटच्या मनाच्या कामात. मागच्या वेळी डिप्रेशनबद्दल लिहिलं तेव्हा खूप जणांनी विचारलं, त्यातल्या पाच जणांना आज उत्तर देते.

सिस्टर, आई ६१ वर्षांची, ब्रेस्टचा कॅन्सर, चौथी केमो झाली. डोंबिवलीहून ये-जा करतो. तीन आठवडे झाले, गप्प गप्प असते, नातीशीसुद्धा बोलत नाही, पहाटे तीनला उठून नुसती बसते. मावशी म्हणते कॅन्सर झालाय, उदास तर होणारच. सोडून द्यायचं का?

नाही ताई, सोडून द्यायचं नाही. मावशी प्रेमानेच बोलतात, पण हे वाक्य ऐकून ऐकून किती पेशंट विनाउपचार राहतात ते मी बघितलंय. दुःख होणं वेगळं. दुःखात माणूस रडतो, चिडतो, पण नात मांडीवर येऊन बसली की दोन मिनिटं तरी चेहरा उजळतो. डिप्रेशनमध्ये ते दोन मिनिटंही उजळत नाही, आणि असं जवळजवळ रोज, दिवसभर, दोन आठवड्यांच्या वर चालू राहतं. आता गोंधळ असा की भूक जाणं, थकवा, झोप उडणं हे सगळं केमोनेही होतं, म्हणून आम्ही दोन गोष्टी जास्त बारकाईने विचारतो, आवडत्या कशातच मन लागत नाही का, आणि "मी तुमच्यावर ओझं झाले" असं सारखं मनात येतं का. तुमच्या आईचं नातीशी न बोलणं मला म्हणूनच खटकलं.

पुढच्या केमोच्या दिवशी सिस्टरला किंवा डॉक्टरांना सांगा की पीएचक्यू-९ नावाचा डिप्रेशन तपासायचा फॉर्म भरून घ्या. नऊ प्रश्न असतात, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, मार्क ० ते २७, आणि १० किंवा वर आले की नीट तपासणी करायचीच. सोबत हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोडियम बघायला सांगा, दुखणं किती आहे ते सांगा, आणि उलटी होऊ नये म्हणून स्टेरॉइडची गोळी चालू असेल तर तेही सांगा, कारण तिनेही झोप आणि मूड बिघडतो. हे सगळं घरूनच कागदावर लिहून फाइलला वरच लावा, ओपीडीच्या गर्दीत निम्मं विसरायला होतं.

मी लालबागचा, वय ५८, बेस्टमध्ये कंडक्टर होतो. तोंडाचं ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. ओपीडीतल्या सिस्टर म्हणतात दर आठवड्याला माझ्याकडे येऊन बसा, मनाचं बोलू. मला वेड लागलेलं नाही. आणि सिस्टर काय करणार, गप्पाच ना?

काका, वेड लागलंय असं कुणीच म्हणत नाहीये. आणि "गप्पाच ना" याचं उत्तर जरा सविस्तर देते, कारण हा गैरसमज डॉक्टर लोकांमध्येसुद्धा आहे.

स्कॉटलंडमध्ये एक मोठा अभ्यास झाला, २०१४ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या जर्नलमध्ये आला. कॅन्सर आणि डिप्रेशन दोन्ही असलेले ५०० पेशंट. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच्या जोडीला खास ट्रेनिंग घेतलेली कॅन्सर नर्स, चार महिन्यांत जास्तीत जास्त दहा बैठका, नर्सच्या पाठीशी सायकिअॅट्रिस्ट, आणि पेशंटचे फॅमिली डॉक्टरही सामील. सहा महिन्यांनी मोजलं तर नर्सवाल्या गटात ६२ टक्के लोकांचा त्रास निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झालेला, दुसऱ्या गटात फक्त १७ टक्के. हे पेशंट कॅन्सरच्या बाबतीत बऱ्यापैकी चांगल्या स्थितीतले होते हेही सांगायला हवं, पण त्याच टीमने फुप्फुसाच्या कॅन्सरच्या जास्त आजारी पेशंटमध्येही असंच करून बघितलं, तिथेही फायदा दिसला. नुसत्या धीर देण्याने एवढा फरक पडत नाही काका. त्या बैठकीत काम होतं.

कसलं काम, तर एक उदाहरण देते, ओळख पटणार नाही असं. तुमच्यासारखंच जबड्याचं ऑपरेशन झालेले एक गृहस्थ, घराबाहेर पडायचे बंद झाले होते. "मूड नाही" एवढंच म्हणायचे. तिसऱ्या बैठकीत कळलं की चहा पिताना ओठाच्या कोपऱ्यातून ओघळतो, आणि नाक्यावरच्या टपरीवर मित्रांसमोर ते होईल याची लाज. म्हणजे मूडच्या मागे एक कप चहा होता! मग आम्ही कागद घेतला, अडचण लिहिली, त्यावर सुचतील तेवढे उपाय लिहिले, त्यातला एक त्यांनीच निवडला. पहिल्या आठवड्यात फक्त गॅलरीत खुर्ची टाकून बसायचं, रुमाल हातात, चहा कोमट आणि चांगल्या बाजूने लहान घोट. दुसऱ्या आठवड्यात एकाच मित्राला घरी बोलवायचं. ओठांच्या व्यायामासाठी स्पीच थेरपिस्टकडे मी चिठ्ठी दिली. दर वेळी पुन्हा तेच नऊ प्रश्न, मार्क उतरले का बघायचं, नाही उतरले तर गोळ्यांबद्दल सायकिअॅट्रिस्टशी बोलायचं. टपरीवर जायला त्यांना सात आठवडे लागले.

मूड आला की करू म्हणून बसलात तर तो लवकर येत नाही, आधी थोडं करायचं मग मूड मागून येतो. तुमच्या सिस्टर बोलावतायत तर जा. अशी सिस्टर प्रत्येक हॉस्पिटलमध्ये नाही, तुम्हाला मिळालीय. जिथे नाही तिथे मेडिकल सोशल वर्करला विचारायचं, त्यांना सगळे रस्ते माहीत असतात.

मला ब्रेस्टच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे. जवळच्या डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी लिहून दिली. दोन्ही एकत्र चालतं का? सवय लागेल का?

गोळीचं नाव बघा. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन या दोन गोळ्या लिव्हरमधलं जे एन्झाइम टॅमॉक्सिफेनला कामाचं बनवतं त्यालाच अडवतात, म्हणून टॅमॉक्सिफेनसोबत शक्यतो टाळतात. व्हेनलाफॅक्सिनसारखे दुसरे पर्याय आहेत. पण स्वतःहून कुठलीच गोळी बंद करू नका, दोन्ही स्ट्रिप घेऊन आधी ऑन्कॉलॉजिस्टला, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, दाखवा. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, फक्त एकदम बंद करायच्या नसतात, आणि असर दिसायला दोन ते सहा आठवडे जातात, तेवढा धीर धरा.

मी डे-केअरमध्ये स्टाफ नर्स आहे. एका शिफ्टला इतके पेशंट की पाणी प्यायला वेळ नाही. एक बाई परवा म्हणाल्या "आता पुरे झालं", आणि मी "असं नाही बोलायचं मावशी" म्हणून पुढे गेले. रात्री झोप लागली नाही. जीव देण्याचं थेट विचारलं तर उलट डोक्यात भरवल्यासारखं नाही का होणार?

बाळा, हेच वाक्य मीही बोललेय, बरीच वर्षं. "असं नाही बोलायचं" म्हटलं की पेशंट खरंच बोलायचं बंद करतो, आणि आपल्याला वाटतं बरं वाटलं त्यांना.

विचारल्याने कुणाच्या डोक्यात भरत नाही, याचा अभ्यास झालेला आहे. उलट कुणीतरी एकदाचं विचारलं म्हणून खांदे खाली येतात, मी समोर बसून बघितलंय. शब्द साधे ठेव. "मावशी, पुरे झालं म्हणजे काय वाटतं? जगू नये असं वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का? कसा, ते ठरवलंय का?" या क्रमाने. बऱ्याच जणींचं उत्तर असतं, मरायचं नाही गं, ही सुई नको झालीय, शीर सापडत नाही. तो प्रश्न वेगळा, तो आपण सोडवू शकतो. पण ठरवलंय असं म्हणाल्या तर त्यांना एकटं सोडायचं नाही, बाथरूमलाही नाही, लगेच इन्चार्जला आणि डॉक्टरांना सांगायचं, सायकिअॅट्री रेफरन्स त्याच दिवशी, आणि नातेवाईकांना सांगायचं की घरातल्या मॉर्फिनच्या, झोपेच्या सगळ्या गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा. फाइलमध्ये लिहायचं. "हे मी कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीच द्यायचं नाही.

वेळेचं म्हणशील तर शीर शोधायला, कॅन्युला लावायला पाच-सात मिनिटं जातातच, तू तेव्हा तिथेच असतेस, हात हातात असतो. तेवढ्यात एकच प्रश्न, "हा आठवडा मनाने कसा गेला, शून्य ते दहात त्रास किती?" चार किंवा वर सांगितलं तर पुढे विचारायचं किंवा रेफर करायचं. सगळं तू एकटीने सोडवायचं नाहीये. आणि त्या मावशी केमोच्या पुढच्या सायकलला येतील ना, त्याआधीच फोन कर. आजच कर. आणि तुझी झोप उडाली ते इन्चार्जशी बोल, ते ओझं घरी घेऊन जायचं नसतं.

आम्ही सांगलीकडचे. मालकांना ब्लड कॅन्सर आहे, चार महिने दादरच्या धर्मशाळेत राहतोय. त्यांच्यासमोर हसते, नळावर भांडी घासताना रडते. मला कुणी विचारत नाही, आणि विचारायला तरी कुठे जाऊ?

मी विचारते ताई, कशा आहात तुम्ही? पेशंटसोबतच्या माणसालाही डिप्रेशन येतं, त्यालाही उपचार आहेत. वॉर्डातल्या सिस्टरला त्यांच्याबद्दल सांगता तसंच स्वतःबद्दल सांगा, "सिस्टर, मलाही झोप नाही" एवढं वाक्य पुरे. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, रात्रंदिवस, मराठीत बोलता येतं, नळाजवळून सुद्धा लावता येईल. आणि रोज अर्धा तास मालकांजवळ दुसऱ्या कुणाला बसवा, धर्मशाळेत शेजारच्या खोलीतली बाईही हेच भोगतेय, आज तुम्ही तिच्या पेशंटजवळ बसा, उद्या ती तुमच्या. त्या अर्ध्या तासात भांडी घासायची नाहीत. गावाला बहिणीला फोन लावा आणि रडायचं असेल तर तिच्याजवळ रडा.