‘पैशाची मदत हवी’ असं लिहिलं, तर बाद करतील का?

परदेशात शिकायला जाऊ पाहणाऱ्या मुलांना मी अर्जासाठी मार्गदर्शन करते. बहुतेक पालक पहिल्या भेटीत मार्कांपासून सुरुवात करतात. या मुलीच्या बाबांनी आधी केबिनचं दार नीट लागलंय ना ते पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणून विचारलं, “मॅडम, पैशाची मदत पाहिजे असं फॉर्मात लिहिलं, तर मुळातच बाद करतील ना हिला?”

मुलगी नुकतीच बारावी सायन्सला गेली होती. बाबा लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर, आई घरून डबे देते, राहायला लालबागच्या चाळीत पागडीची खोली. नावं मी लिहीत नाही आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदलले आहेत. प्रश्न मात्र त्यांचाच आहे, आणि जूनपासून दिवाळीपर्यंत तो माझ्या टेबलासमोर आठवड्याला एकदा तरी येतो. म्हणून त्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगते.

मुलीला गणित आणि संख्याशास्त्र शिकायचं होतं, तेही अमेरिकेत. न्यू जर्सीच्या मामानं फोनवर सल्ला दिला होता, “आर्थिक मदत हवी का, असं विचारतील तिथे ‘नाही’ टाका. एकदा आत शिरली की मग मागू.” मामा वाईट माणूस नाही. तो स्वतः एमएससाठी गेला तेव्हाचं त्याला आठवत होतं, तेवढ्यावर तो बोलत होता. पण हा सल्ला मी इतक्या घरांत ऐकला आहे आणि त्यापायी एप्रिल-मेमध्ये इतकी मुलं रडताना पाहिली आहेत, की तो ऐकला की मला बसवत नाही.

मी बाबांना आधी खरं उत्तर दिलं. हो, बऱ्याच ठिकाणी फरक पडतो. परदेशी विद्यार्थ्यानं मदत मागितली की बहुतेक अमेरिकी विद्यापीठं निवड करताना तो खर्चही हिशेबात धरतात. स्टॅनफर्डसारखं श्रीमंत विद्यापीठसुद्धा त्यात येतं. गरज बघायचीच नाही, आधी मूल निवडायचं आणि मग लागेल तेवढी मदत द्यायची, हा नियम परदेशी मुलांनाही लावणारी ठिकाणं मोजकी आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट ही त्यातली जुनी नावं. २०२२ मध्ये डार्टमथ आणि बोडन आले, २०२५ मध्ये दाखल होणाऱ्या तुकडीपासून ब्राउन.

बाबांचा चेहरा उजळला. “मग तिथंच भरू की सगळे!”

तिथे शंभर अर्जांमागे किती मुलं घेतात ते मी सांगितलं. हार्वर्ड किंवा एमआयटीत पाचसुद्धा नाहीत, आणि परदेशी मुलांसाठी वाट त्याहून अरुंद. गरज बघत नाहीत याचा अर्थ दार रुंद आहे असा होत नाही. आई इतका वेळ गप्प बसून होती. ती म्हणाली, “म्हणजे आगीतून फुफाट्यात.”

पण मधला एक गट आहे, आणि आमच्यासारख्या घरांनी सगळ्यात जास्त वेळ तिथेच घालवावा असं माझं ठाम मत आहे. ही कॉलेजं निवड करताना गरज बघतात, पण एकदा निवडलं की त्या घराला जेवढी गरज आहे तेवढी पूर्ण भागवतात. कार्लटन, मॅकॅलेस्टर, ग्रिनेल, स्मिथ. लालबाग-परळमध्ये ही नावं कुणी घेत नाही. बाबांनी मॅकॅलेस्टर दोनदा म्हणून पाहिलं आणि विचारलं, “हे चांगलं आहे का पण? शेजाऱ्यांना काय सांगू?” घानाहून आलेला एक मुलगा १९६१ मध्ये तिथून पदवी घेऊन बाहेर पडला आणि पुढे संयुक्त राष्ट्रसंघाचा सरचिटणीस झाला, त्याचं नाव कोफी अन्नान, असं मी सांगितलं. मुलीनं ते वहीत लिहून घेतलं. शेजाऱ्यांसाठी असावं.

मग मामाच्या सल्ल्याकडे वळलो. ‘नाही’ टाकून मूल निवडलं गेलं, तर पुढे काय होतं? स्टॅनफर्डनं तर लिहूनच ठेवलं आहे की परदेशी विद्यार्थ्यानं अर्जाच्या वेळी मदत मागितली नसेल, तर चारही वर्षांत ती मागता येणार नाही. इतरही अनेक ठिकाणी असेच नियम आहेत. शिवाय निवड झाल्यावर व्हिसासाठी आय-ट्वेंटी नावाचा कागद लागतो, आणि तो देण्याआधी कॉलेज विचारतं: पहिल्या वर्षाचे पैसे कुठे आहेत ते दाखवा. फी, राहणं, जेवण धरून अशा ठिकाणी वर्षाला ८०,००० डॉलरच्या वर जातात, म्हणजे सुमारे ७० लाख रुपये. बाबांचा हातात येणारा पगार ६०,००० च्या आत. बँकेचं शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की सहसा तारण मागतात. पागडीची खोली तारण ठेवता येत नाही, कारण भाडेकरू तिचा मालक नसतो.

“म्हणजे निवड होणार, पेढे वाटणार, आणि मग घरी बसणार,” मुलगी म्हणाली. तिच्या वडिलांना जे सांगायला मला अर्धा तास लागला, ते तिनं एका वाक्यात सांगितलं.

इंग्लंडचंही त्यांनी विचारलं. तिथे यूकास या सगळ्या विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश-पोर्टलवर एका वर्षी पाचच अर्ज करता येतात, ऑक्सफर्ड आणि केंब्रिजपैकी एकच निवडावं लागतं आणि त्याची मुदत १५ ऑक्टोबरला संपते. पण पदवीसाठी परदेशी मुलांना पूर्ण मदत तिथे फारच कमी मिळते, म्हणून आम्ही तो विषय लवकर मिटवला. आपल्याकडच्या ट्रस्टांचं तसंच. १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती असो की राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती, दोन्ही पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आहेत. बारावीनंतर लगेच जाणाऱ्यानं त्यांच्या भरवशावर बसू नये.

ठरलं ते असं. अकरा अर्ज: तीन गरज न बघणारे, आठ मधल्या गटातले. सगळीकडे मदत मागायची, आणि जेवढी लागते तेवढीच. शिवाय सीईटीचा अभ्यास सोडायचा नाही.

खरी अडचण इथून पुढे सुरू झाली. बहुतेक कॉलेजं मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल हा ऑनलाइन फॉर्म मागतात. त्यात घरातला पैसा न् पैसा विचारतात: पगार, बँकेतली शिल्लक, घर, जवळजवळ सगळं. बाबांना त्याची लाज वाटत होती. त्यांनी आयुष्यात कुणापुढे हात पसरला नव्हता, सोसायटीच्या कर्जासाठीसुद्धा नाही. पहिल्या दोन बैठकांत ते आकडे गोल करून सांगायचे, आणि नेहमी वरच्या बाजूला. गावच्या जमिनीतला न झालेला वाटाही त्यांनी स्वतःच्या नावावर धरला. मी फॉर्म-१६ मागितला तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, एवढा कमी दिसला तर त्यांना वाटेल, कुठून आलेत हे.”

मी म्हटलं, कुठून आलात तेच त्यांना बघायचं आहे. हा फॉर्म म्हणजे भीक नाही. ज्याची जेवढी ऐपत तेवढं त्यानं भरावं, म्हणून ती ऐपत मोजायची ही पद्धत आहे. तुम्ही ती फुगवून सांगितलीत, तर ते तेवढेच पैसे तुमच्याकडे मागतील.

पागडीच्या खोलीवर एक अख्खी संध्याकाळ गेली. बाजारात तिची किंमत सांगणारे दलाल गल्लोगल्ली होते आणि बाबांना तो आकडा पाठ होता. पण घर भाड्याचं, पावती भाड्याची. आम्ही भाड्याचं घर असंच लिहिलं. विशेष परिस्थिती सांगायला जी जागा असते, तिथे चार ओळींत पागडी म्हणजे काय तेही लिहिलं: भाडेकरूचा हक्क मालकाच्या संमतीनं आणि त्याला वाटा देऊन दुसऱ्याला देता येतो, आज तसा कुठलाही व्यवहार ठरलेला नाही. अमेरिकेत बसलेल्या माणसाला लालबागची चाळ कळावी कशी? आपण समजावून सांगितली तरच.

मग आईच्या उत्पन्नाचा रकाना आला. डबे रोखीचे, काहींचे जीपेवर, रिटर्न कधी भरलेलं नाही. बाबा म्हणाले, “ते सोडा, घरातल्या घरात आहे.” आई म्हणाली, “सोडा कसं? हिला विचारा, हिच्याकडे सगळं आहे.” मुलीनं सॅकमधून एक लांबट वही काढली.

आठवीपासून ती हिशेब ठेवत होती. गिऱ्हाइकांची नावं, खाडे, गॅस, उधारी. मागच्या पानांवर वेगळंच काहीतरी होतं: उद्या किती चपात्या लागतील याचा अंदाज. मागच्या चार सोमवारांची सरासरी, त्यातून संकष्टी असेल तर इतकी वजा, श्रावण असेल तर इतकी, पगाराच्या आठवड्यात इतकी जास्त. शेजारी खरा आकडा, आणि त्याच्या शेजारी चूक किती झाली ते लाल पेनानं. आई म्हणाली, यामुळे कणीक वाया जायची थांबली.

मी तिचा कॉमन अ‍ॅपचा, म्हणजे अनेक अमेरिकी कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज, पुन्हा उघडला. तिथे उपक्रमांसाठी दहा जागा असतात, प्रत्येकी १५० अक्षरांचं वर्णन. तिनं तीनच भरल्या होत्या आणि पहिली होती गणपतीनंतर दादर चौपाटीवर केलेली एका सकाळची साफसफाई. एका कन्सल्टंटनं तसं सुचवलं होतं. दीड लाखात संस्था काढून देतो, निबंधही लिहून देतो, असंही तो म्हणाला होता. मुलांच्या नावावर खोटं आयुष्य रचून देणाऱ्या या धंद्याबद्दल मला मनापासून राग आहे. वाचणाऱ्याला ते उमगतंच, पण त्याआधी मुलाला असं शिकवलं जातं की तू जसा आहेस तसा पुरेसा नाहीस. त्या दहा जागांच्या यादीत घरच्या जबाबदाऱ्या हा प्रकार स्वतंत्र दिलेला असतो. वही तिथे पहिल्या क्रमांकावर गेली.

६५० शब्दांचा मुख्य निबंध तिनं वहीतल्या सगळ्यात मोठ्या लाल आकड्यावर लिहिला. अतिवृष्टीत लोकल बंद पडली त्या दिवसाचा तो आकडा: अंदाज ४६ डब्यांचा, गेले ९. उरलेले डबे आईनं करी रोड स्टेशनवर अडकलेल्या लोकांना दिले. सरासरीत न बसणारा दिवस धरायचा की गाळायचा, हा प्रश्न तिला तेव्हापासून पडला आहे, असं तिनं लिहिलं. मी फक्त दोन ठिकाणी व्याकरण सुधारलं.

बाकीचं धावपळीचं होतं. नववी-दहावीचे मार्क शाळेकडे, अकरावीचे ज्युनिअर कॉलेजकडे, दोन्हीकडून शिक्के हवेत. शिफारसपत्र लिहिणाऱ्या सरांनी आधी ‘आज्ञाधारक आणि कष्टाळू’ एवढंच लिहिलं होतं. तिनं त्यांना वही नेऊन दाखवली, मग ते पत्र बदललं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातल्या मुदती ऐन प्रिलिमच्या तोंडावर येतात, म्हणून अर्जांचं काम दिवाळीच्या सुट्टीत उरकलेलं बरं. अर्जाची फी काही ठिकाणी नसतेच, काही ठिकाणी ७०-८० डॉलर असते. ती माफ करायची विनंती अर्जातच करता येते. आम्ही केली.

बोर्डाची परीक्षा संपली आणि मार्चच्या शेवटी निकाल येऊ लागले. गरज न बघणाऱ्या तिन्ही ठिकाणी नकार. आठांपैकी पाच ठिकाणी नकार, दोन ठिकाणी प्रतीक्षायादी. यात मदत मागितल्याचा वाटा असणारच, हे मी तिच्या बाबांपासून लपवलं नाही. त्या दिवसांत ते रोज रात्री फोन करायचे आणि एकदा म्हणालेही, “मामा बरोबर होता का?”

आठव्या कॉलेजचं पत्र पहाटे आलं. निवड, आणि सोबत मदतीचा कागद: घरानं वर्षाला ३,८०० डॉलर भरायचे, मुलीनं कॅम्पसवर काही तास काम करायचं, उरलेलं कॉलेज देणार. कॉलेज मिनेसोटात आहे. १ मेच्या आत होकार कळवायचा होता. बाबांनी ३,८०० ला बाराने भागलं, पगाराची स्लिप शेजारी ठेवली, साडेसात लाखांच्या आतलं बिनतारणाचं कर्ज हिशेबात धरून पाहिलं, तिकिटाचे पैसे मिळवले. दोन दिवसांनी माझ्यासमोर येऊन म्हणाले, “बसतंय.” मामानं कोट पाठवला.

तिच्या कॉलेजात मदतीचा फॉर्म दरवर्षी पुन्हा भरावा लागतो. दुसऱ्या वर्षीचा बाबांनी स्वतः भरला, फॉर्म-१६ आणि डब्यांची वही समोर ठेवून. आता वही आई लिहिते. मध्येच त्यांचा मला फोन आला. चाळीच्या पुनर्विकासासाठी बिल्डरचं पहिलं पत्र आलं होतं, सही कुणाचीच झाली नव्हती. ते कळवायचं का?

मी म्हटलं, कळवा.

“कळवलंय मॅडम,” ते म्हणाले. “चार ओळीत नीट समजावून लिहिलंय. बरोबर केलं ना, एवढंच विचारायला फोन केला.”